सात प्राणी, एक मिनिट

नोव्हेंबर अर्धा सरला की शारजाच्या अल मजाजमधल्या घरांचे एसी एकेक करून बंद होतात. तारीख ठरलेली नसते. एका संध्याकाळी कुणीतरी खिडकी उघडतं, दुसऱ्या दिवशी शेजारचे उघडतात, आणि आठवड्याभरात सगळी इमारत ऐकू यायला लागते. सात-आठ महिने प्रत्येक घर आपापल्या गारव्यात बंद असतं; शेजारी भेटतो तो फक्त लिफ्टमध्ये. खिडक्या उघडल्या की कळतं, वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या तीन नाही, पाच होतात. खाली कुणाकडे तरी बांगडा तळला जातोय. समोरच्या घरातली आई मराठीत हाक मारते, मुलगा इंग्रजीत पाच मिनिटं मागतो, आई पुन्हा मराठीत, एक पट्टी वर. खालिद सरोवरावर सीगल उतरलेले असतात. पहाटे धुक्याचे इशारे फोनवर येतात आणि सकाळी नऊपर्यंत पलीकडच्या किनाऱ्यावरचे टॉवर दिसत नाहीत.

यंदाही खिडकी उघडली. खालच्या बागेत लपाछपी चालू होती आणि ज्याच्यावर राज्य होतं तो मुलगा मोठ्याने आकडे मोजत होता. साठपर्यंत मोजायचं ठरलं असावं. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, सगळे इंग्रजीत. साठ आकडे, म्हणजे साधारण एक मिनिट. एका मिनिटात किती मावतं, हे याच घरात एका हिवाळ्यात दर आठवड्याला मोजलं जात होतं. त्याला आता तीन वर्षं झाली.

चाचणी ऐकायला पोरखेळ वाटते. मुलाला खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं, एक मिनिट आहे, आठवतील तेवढे प्राणी सांग. मग फळं. मग एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द. प्रत्येक पंधरा सेकंदांत आलेले शब्द वेगळ्या चौकटीत लिहायचे. तोच शब्द पुन्हा आला तर मोजायचा नाही. मांजर, माऊ आणि कॅट हे तीन प्राणी नाहीत, एक आहे. मूल आपल्या साठ्यातून शब्द किती वेगाने शोधून आणतं, एक कोपरा रिकामा झाला की दुसऱ्या कोपऱ्याकडे कसं वळतं, याचा त्यावरून अंदाज येतो.

पण आलेल्या आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. आठ वर्षांच्या मुलाने बारा प्राणी सांगितले, हे पुष्कळ की थोडे, हे त्याच्या वयाची, त्याच्या भाषेची, त्याच्यासारखं आयुष्य जगणारी इतर मुलं किती सांगतात यावर ठरतं. त्या इतर मुलांचा तक्ता म्हणजे मापदंड. मृणालला तो तक्ता हवा होता. मृणाल ही पुण्यातली, माझी शाळेपासूनची मैत्रीण. अल ऐनमधल्या एका पुनर्वसन केंद्रात ती मुलांच्या बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणींवर काम करते. तिच्या केंद्रात कोलंबियाहून आलेली एक सहकारी होती. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी असे मापदंड देशागणिक वेगळे बांधावे लागतात, हे मृणालने तिच्याकडून ऐकलं होतं. भाषा एकच, पण देश बदलला की मुलाचं अंगण बदलतं, आणि अंगण बदललं की तोंडात येणारे प्राणी बदलतात. मराठी बोलणाऱ्या, पण आखातात वाढणाऱ्या मुलांचा तक्ता मृणालला कुठेच मिळाला नाही. म्हणून तिने तो स्वतः करायला घेतला, सुट्टीच्या दिवसांत, मराठी कुटुंबं जास्त आहेत तिथे. शारजात शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी असते. जागा आमचं घर. ध्वनिमुद्रणावरून शब्द उतरवून घेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण लग्नाआधी दहा वर्षं एका दैनिकाच्या संपादकीय टेबलावर काढली होती आणि कुणी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिण्याची सवय गेलेली नव्हती.

काम सावकाश चाललं असतं. घाई झाली ती झोयामुळे.

झोया आठ वर्षांची. वडील अन्वरभाई शारजाच्या खाडीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. घर हर्णैजवळचं. दुसरीपर्यंत झोया गावच्या मराठी शाळेत होती. मग अन्वरभाईंनी बायकामुलीला इकडे आणलं आणि तिसरीत ती एकदम इंग्रजी शाळेत जाऊन बसली. वर्ष होत आलं तरी वर्गात बोलेना. विचारलं तर खाली बघायची. शाळेचं म्हणणं पडलं की मुलीला काही अडचण आहे, एप्रिलपासून तिला वेगळ्या, मदतीच्या वर्गात बसवावं. फेब्रुवारीच्या अखेरीस बैठक होती आणि त्याआधी तज्ज्ञाचा अहवाल हवा होता; तो मृणाल लिहिणार होती. इंग्रजीच्या तक्त्यात झोयाचा आकडा अगदी तळाला गेला. मराठीचा तक्ता तर अजून तयार होत होता.

“ताई, पोरगी गप नाय,” अन्वरभाई पहिल्यांदा आले तेव्हा दारातच म्हणाले. “घरात रेडिओ हाय रेडिओ. बंद कर म्हटलं तरी बंद होत नाय. पण त्या वर्गात एकदा गेली का परत येत नाय, असं सगळी सांगतात.”

“अहवालात जे असेल ते लिहीन, भाई,” मृणाल म्हणाली. “आधीपासून काही सांगत नाही.”

“तेच लिवा. खरं तेच लिवा. पण तिला बोलू द्या आधी.”

त्या हिवाळ्याचा वास करक चहाचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा, आणि चिवड्याचा आहे. मुलांना घेऊन येणाऱ्या आया डबे आणायच्या. सोफ्यावर चार मुलं, जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या आया, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या बिनखिडकीच्या छोट्या खोलीत मृणाल, एक मूल, एक टेबल, एक रेकॉर्डर. ती खोली मुळात कामवालीसाठी बांधलेली. आमच्याकडे तिथे बॅगा आणि तांदळाची पोती असत. बॅगा हलवल्या, पोती राहिली.

पहिल्या शुक्रवारी पाचपैकी चार मुलांनी सुरुवात हत्तीपासून केली आणि लगेच उंदरावर आली. आम्हाला त्यात काहीतरी महत्त्वाचं सापडल्यासारखं वाटलं. मृणालने वहीत एक ओळ लिहिलीसुद्धा. मग ती मुलाच्या खुर्चीत जाऊन बसली. समोरच्या भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं. ते काढलं. वहीतली ओळ खोडली. त्या पाचही मुलांच्या नोंदी बाद केल्या. “आकडा एकदा तक्त्यात गेला की तो कसा आला हे कुणी विचारत नाही,” मृणाल म्हणाली. “म्हणून आत जाण्याआधीच विचारायचं.” वृत्तपत्रात हेच वेगळ्या शब्दांत शिकवलं होतं.

आयांचा प्रश्न वेगळा होता. चाचणी आहे म्हटल्यावर तयारी हवीच, हे आपल्याकडे रक्तात आहे. दुबई मरीनाहून आलेल्या एका बाईंनी मुलाकडून गाडीत अक्षरवार प्राणी पाठ करून घेतले होते. मुलगा आत बसला, अस्वल म्हणाला, आळी म्हणाला, आणि इ वर अडकला. पुढचं सगळं त्याला येत होतं, उंट येत होता, कोल्हा येत होता, पण इ ओलांडल्याशिवाय जायचं कसं? तो मिनिटभर इ शोधत राहिला. दाराबाहेरून दबक्या आवाजात, पण रेकॉर्डरवर स्पष्ट, ऐकू आलं, “इग्वाना! अरे, घरी येत होतं ना!”

त्याचीही नोंद बाद झाली. बाई चिडल्या. “म्हणजे आम्ही मरीनाहून उगाच आलो का?” मृणालने त्यांना चहा दिला आणि एका महिन्याने या म्हणून सांगितलं. आल्या. त्या वेळी मुलगा उंटापासून सुरू झाला आणि सुसाट गेला.

शब्द उतरवून घेताना मुलांची घरं दिसायची. एका मुलाचे पहिले सगळे प्राणी प्राणिसंग्रहालयातले, मग एकदम कबूतर, कारण बाल्कनीला जाळी लावलेली. एका मुलीने घोडा, गाढव, उंट झाल्यावर बराच वेळ घेतला आणि मग आजोळच्या गोठ्यात शिरली. गाय, म्हैस, रेडकू, वासरू, गोचीड. गोचिडीला तिने स्वतःच हसून घेतलं. शब्द असे झुपक्यांनी येतात आणि दोन झुपक्यांच्या मध्ये शांतता असते. ती शांतताही मोजायची असते. हॉलची खिडकी उघडी असल्यामुळे टेपवरच्या त्या शांततांमध्ये आता सरोवरावरचे सीगल ऐकू येतात, फ्रिज सुरू झालेला ऐकू येतो, आणि एकदा तर अजान संपेपर्यंत थांबलेला मुलगा ऐकू येतो. घड्याळ थांबत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तरी तो थांबला.

झोया आली तो फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. सकाळी इतकं धुकं की अल ऐनहून निघालेली मृणाल वाटेत पेट्रोल पंपावर तासभर थांबून राहिली. चार मुलं वेळेवर येऊन बसली होती. त्यांना गप्प बसवणं हे माझं काम, आणि एका तासाला पुरेल असं घरात काही नव्हतं. कोरे कागद होते. मग नाव-गाव-फळ-फूल काढलं. अक्षर यायचं, प्रत्येकाने त्या अक्षराचं नाव, गाव, फळ, फूल, प्राणी लिहायचं. जे दुसऱ्या कुणीही लिहिलेलं नाही त्याला दहा. दोघांचं सारखं निघालं तर दोघांना पाच-पाच. रिकामं सोडलं तर शून्य.

अक्षर आलं प. तिघांचं गाव पुणे निघालं. पाच, पाच, पाच. झोयाने लिहिलं होतं पाजपंढरी.

“दॅट्स नॉट अ रिअल प्लेस,” नवव्या मजल्यावरचा अद्वैत म्हणाला.

झोया खाली बघत होती. तशीच म्हणाली, “माझी नानी राहते तिथं.”

फोनवर नकाशा उघडून सगळ्यांना दाखवला. हर्णैच्या शेजारी, समुद्राला लागून, पाजपंढरी. दहा. फळात दोघांचा पेरू, एकाची पपई, झोयाचं पपनस. प्राण्यांत दोन पांडा, एक पँथर आणि एक पाणमांजर. पपनसाला अद्वैतने पुन्हा हरकत घेतली, या वेळी मराठीत, “हे तू मेक-अप केलंस.” त्याच्या आईनेच त्याला टेबलावरून सांगितलं, “नाही रे, असतं पपनस.” दहा. अक्षर बदललं, पुन्हा तेच झालं. चौथ्या फेरीला झोया सगळ्यांच्या पुढे होती आणि कागद हाताने झाकून लिहीत होती. चेहरा लाल झाला होता. गेल्या वर्षभरात ती कशातही पहिली आली नव्हती, हे तिच्या आईने मागाहून सांगितलं.

मृणाल पोचली. झोयाचं नाव पहिलं होतं. उठताना तिने मला विचारलं, “आंटी, आत पण असंच?”

“असंच. फक्त तोंडी.”

तीन शब्द. मूल घाबरू नये म्हणून बोललेले.

झोयाने एका मिनिटात सात प्राणी सांगितले. साळिंदर. खवलेमांजर. भेकर. शेवंड. घोरपड. उदमांजर. समुद्रघोडा. दोन शब्दांच्या मध्ये लांब, जड शांतता. फळांतही तेच, करवंद, तोरण, राजण, आणि पुन्हा थांबणं. मृणाल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखा कोरा नव्हता.

“कुत्रा नाही,” स्वयंपाकघरात येऊन ती हळू म्हणाली. “मांजर नाही. गाय नाही. कोंबडी नाही. ज्या मुलीला खवलेमांजर आठवतं तिला मांजर आठवत नाही? माझ्या पाहण्यात असं झालेलं नाही.”

“मग?”

“मग काय. सात म्हणजे सात. तक्ता पूर्ण नाही, पण आत्तापर्यंतच्या आठ वर्षांच्या मुलांत हा सगळ्यात खालचा आकडा आहे.”

अन्वरभाई दारात बूट घालत होते. “कसं झालं, मॅडम?”

“बघू. इन्शाल्ला.”

इन्शाल्ला कुठल्या सुरात म्हटलं की त्याचा ‘नाही’ असा अर्थ होतो, हे आखातात वीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी मान हलवली आणि झोयाचा हात धरला. झोया मात्र खुशीत होती. लिफ्टपर्यंत उड्या मारत गेली. ते पाहिलं होतं, आणि त्याचा काही अर्थ असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

त्या दिवसाची ध्वनिमुद्रणं उतरवायला बसले तेव्हा बैठकीला पाच दिवस उरले होते. कामापुरते तीनच तुकडे लागतात, एकेका मिनिटाचे. बाकीचं ऐकायची गरज नसते. पण टेप शेवटपर्यंत ऐकायची, हा टेबलावरचा जुना दंडक. मुलाखत संपली असं समजून माणूस उठताना जे बोलतो, त्यातच पुष्कळदा बातमी असते. तिसरं मिनिट संपलं. खुर्ची सरकली. मृणालचा आवाज, “छान. जा आता बाहेर.” कागद आवरल्याचा आवाज. आणि त्याच्याखाली, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, “प्राण्यांचे सत्तर. सगळे दहा-दहाचे.”

टेप मागे नेली. पहिलं मिनिट कान देऊन पुन्हा ऐकलं, या वेळी शब्द सोडून शांतता. चौथ्या सेकंदाला ओठ उघडल्याचा आवाज आहे. “मां…” मग काही नाही. मग साळिंदर. विसाव्या सेकंदाच्या आसपास “कु…” आणि एक छोटा श्वास. तिला सगळं आठवत होतं. मांजर आठवत होती, कुत्रा आठवत होता. बाहेर सोफ्यावर बसलेली तीन मुलं हेच सांगणार, आणि मग पाचच मिळणार, म्हणून ती एकेक शब्द गिळत होती आणि पुढचा, कुणालाच ठाऊक नसलेला, शोधत होती.

अल ऐनला फोन लावला. दुपारची वेळ, मृणाल दोन मुलांच्या मधल्या सुट्टीत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तू तिला बाहेर नक्की काय सांगितलंस?”

“असंच. फक्त तोंडी.”

“खलास,” मृणाल म्हणाली. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, “त्या दिवशीची चारही मुलं बाद. चौघांनीही तो खेळ खेळला होता.”

“बाकीच्या तिघांनी तर मांजर-कुत्रा सांगितला. त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसत नाही.”

“दिसत नाही, हे तू मला सांगतेस?”

चार ओळी कापल्या. आधीच कमी मुलं, त्यात आठ वर्षांच्या रकान्यातली चार गेली. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं झालं असतं. दहा वर्षांत हातून चुकलेल्या बातम्या मोजक्याच होत्या, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर तळाला दुरुस्तीचा एक चौकोन छापून यायचा. त्या चौकोनाला वाचक हसत, पण ज्याचं नाव चुकलं होतं तो माणूस ते कात्रण जपून ठेवी. मृणालच्या अहवालात तसाच चौकोन हवा होता. मजकूर मला लिहायला सांगितला तिने. “पहिली चाचणी ग्राह्य धरू नये. चाचणीपूर्वी आमच्याकडून मुलीला चुकीची समजूत दिली गेली. तिने त्या समजुतीप्रमाणे अचूक उत्तरं दिली.” तिसरं वाक्य मृणालला अनावश्यक वाटलं. मग तिने ते ठेवलं.

बैठक सोमवारी होती. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, अन्वरभाई झोयाला पुन्हा घेऊन आले. तेच शब्द पुन्हा विचारणं योग्य नव्हतं, पण न विचारणं त्याहून वाईट होतं. मृणालने ठरवलं की दोन्ही आकडे अहवालात जातील, कारणासकट. सोफा त्या दिवशी रिकामा होता. स्टॉपवॉच धरून मी आत बसले, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

मृणालने कार्डावरच्या सूचना वाचल्या. मग कार्ड खाली ठेवलं.

“झोया, हा नाव-गाव-फळ-फूल नाही. इथे पाच नाहीत आणि दहा नाहीत. प्रत्येक प्राण्याला एक.”

झोयाने विचार केला. “मग मांजर पण चालेल?”

“चालेल.”

“सगळ्यांनी मांजर सांगितली असली तरी?”

“तरी.”

“त्या अद्वैतने सांगितली असली तरी?”

“तरी.”

“मग त्यात काय मजा?” झोया म्हणाली.

मृणालचा चेहरा कोरा राहिला. ते तिचं कामच आहे. तिने फक्त म्हटलं, “मजा नंतर. आता भरभर.”

बटण दाबलं. मांजर, कुत्रा, बकरी, बकरा, कोंबडी, कोंबडा, गाय, बैल, म्हैस. पहिली चौकट पंधरा सेकंद संपायच्या आत भरली आणि मृणालची पेन्सिल मागे पडली. वाघ, सिंह, हत्ती, उंट, इथला उंट, तो नाही चालणार, एकच उंट. मग ती समुद्रावर गेली. सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील, मांदेली, तारली, करली, मुडदुशी, कुर्ली, तिसऱ्या. ही नावं मासळी बाजारातल्या क्रमाने येत होती, टोपलीमागून टोपली. समुद्रातून कासव वर आलं, वाळूवरून गावात, गावातून रानात, आणि मिनिट संपताना साळिंदर आणि खवलेमांजर उभीच होती. स्टॉपवॉच वाजलं तरी ती थांबली नाही. थांबवणं भाग होतं, पण मृणालने दोन-तीन सेकंद उशीर केला. ते शब्द मोजले नाहीत.

बाहेर अन्वरभाई दाराला पाठ करून उभे होते, ऐकू येऊ नये म्हणून. अर्थात सगळं ऐकू येत होतं. झोया बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, “मुडदुशी सांगितलीस, आणि काळुंदर विसरलीस?”

“अब्बा! वेळ संपला.”

“आता कुणाला सांगू नको. सगळे मासे आपल्या घरचेच निघाले.” मग मृणालकडे वळून, “मॅडम, रेडिओ हाय म्हटलं होतं का नाय?”

सोमवारी दुपारी त्यांचा आवाजी संदेश आला. मागे इंजिन चालू होतं, दोनदा ऐकावा लागला. मॅडमनी अहवाल वाचून दाखवला, मोठ्या बाईंनी तो चौकोन दोनदा वाचला, आणि झोया आहे त्याच वर्गात राहील. तोच वर्ग, तोच बाक. इंग्रजीसाठी आठवड्यातून दोनदा जादा तास. “तो घेईल ती. यल्ला, आता कामाला जातो.”

मृणालचा तक्ता पुढच्या हिवाळ्यात पुरा झाला. त्यात आठ वर्षांच्या रकान्यात झोया नाही. तिची दुसरी खेप तिच्यापुरती होती, मापदंडासाठी नाही, कारण जिला एकदा तेच विचारलंय ती इतरांसारखी उरत नाही. तक्ता वाचणाऱ्या कुणाला हे कळणार नाही, आणि कळायचं कारणही नाही. मापदंड बहुतेकांचा असतो. मांजर, कुत्रा, गाय सांगणाऱ्यांच्या जोरावर तो उभा राहतो, आणि उद्या एखाद्या गप्प मुलीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला तोच कामाला येतो. त्यात अवमान काही नाही. बातमीतसुद्धा सगळ्यांना कळणारा शब्द हाच खरा दहाचा असतो. दुर्मिळ शब्द वापरणाऱ्या शिकाऊ वार्ताहराला तेच पहिलं शिकवलं जातं. ते शिकवताना आपण काय काढून घेतो, याचा विचार टेबलावर कधी केला नव्हता. त्या चार सेकंदांच्या टेपने तो करायला लावला. “मां…” आणि गिळलेला श्वास.

या घरात अजूनही अधूनमधून मुलं येतात. मृणालचं नवं काम मोठ्या मुलांवर आहे. सोफ्यावर आता कागद नसतात, रंगीत खडू असतात. काही विचारलं तर ठरलेलं उत्तर, आत ताई सांगतील. तांदळाची पोती तिथेच आहेत.

परवा, खिडकी उघडली त्याच संध्याकाळी, लिफ्टमध्ये झोया भेटली. आता सहावीत आहे. अन्वरभाईंनी गेल्या वर्षी याच इमारतीत घर घेतलं. उंच झाली आहे, केस कापले आहेत, कानात इअरफोन. “हाय आंटी,” म्हणाली. शाळा कशी चाललीय विचारलं तर उत्तरं इंग्रजीत आली, भरभर, बाकीच्या मुलांसारखी. विज्ञानाचा प्रकल्प आहे, प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा, निम्म्या वर्गाने वाघ घेतला, इट्स सो बोअरिंग.

“आणि तू?”

“पँगोलिन,” ती म्हणाली. मग एक इअरफोन काढला. “म्हणजे खवलेमांजर. वर्गात कुणाचंच नाही.”

“कुणाचंच नाही?”

सातवा मजला आला. दार उघडलं. ती बाहेर पडली आणि दार मिटायच्या आत वळून, दोन्ही हातांची सगळी बोटं पसरून दाखवली.